पवन विजेचं शेड्यूल: अंदाजातली अनिश्चितता टप्प्याटप्प्याने कशी हाताळावी

नाशिकात बसून साक्रीकडच्या ब्राह्मणवेल पट्ट्यातल्या किंवा अकोले तालुक्यातल्या पट्टा किल्ल्याजवळच्या पवनचक्क्यांचं शेड्यूल (दर १५ मिनिटांना किती वीज देणार याचा आगाऊ आराखडा) टाकणाऱ्या डेस्कवर एक तक्रार ठरलेली असते: "फोरकास्टच चुकीचा येतो." तो चुकणारच. शेड्यूलमधल्या मोठ्या चुका मात्र बहुतेक वेळा वाऱ्याच्या नसतात. घड्याळ चुकलेलं असतं, बंद टर्बाइन मोजलेली नसतात, नाहीतर रिव्हिजन (दिलेलं शेड्यूल बदलायची मोजकी संधी) नको तेव्हा वापरून टाकलेली असते. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पाचव्या टप्प्यातलं गणित कितीही बारकाईने केलं तरी पहिला टप्पा चुकला असेल तर ते वाया जातं.

हा लेख राज्यांतर्गत व्यवहारांसाठी आहे. आंतरराज्य व्यवहारांचे हिशेब आणि मुदती वेगळ्या असतात, तिथे हे आकडे जसेच्या तसे लावू नका.

सुरू करण्याआधी टेबलावर काय हवं

पूलिंग सबस्टेशनच्या (जिथे सगळ्या यंत्रांची वीज एकत्र येते तिथल्या) एबीटी मीटरचा १५ मिनिटांचा डेटा, किमान एका पूर्ण वर्षाचा. एक वर्ष यासाठी की आपल्याकडे जून ते सप्टेंबरचा वारा आणि डिसेंबरचा वारा यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. त्याच काळात तुम्हाला आलेले अंदाज, आणि तेही आल्या वेळेसकट साठवलेले. "काल सकाळी ९ ला आलेला आजचा अंदाज" आणि "आज दुपारी २ ला आलेला आजचा अंदाज" हे दोन वेगळे दस्तऐवज आहेत. बऱ्याच डेस्कवर नवा अंदाज जुन्यावर लिहिला जातो आणि वर्षअखेरीस फक्त शेवटचा उरतो. त्या फाइलवरून चुकांचा आवाका काढला तर तो फसवा छोटा येतो.

याशिवाय टर्बाइननिहाय चालू-बंद नोंद, एसएलडीसीने (राज्याचा ग्रिड सांभाळणाऱ्या भार प्रेषण केंद्राने) उत्पादन कमी करायला सांगितलेल्या वेळांची नोंद, आणि चालू नियमावलीतला डीएसएमचा, म्हणजे शेड्यूलपासूनच्या विचलनावर लागणाऱ्या भुर्दंडाचा तक्ता. तक्ता आठवणीतून वापरू नका. त्यात सुधारणा होत असतात, आणि जुन्या पट्ट्यांवर बेतलेलं शेड्यूल गुपचूप महाग पडतं.

टप्पा १: घड्याळ जुळवा

दिवसाचे ९६ ब्लॉक. ब्लॉक १ म्हणजे ००:०० ते ००:१५, ब्लॉक ५७ म्हणजे १४:०० ते १४:१५. इथे दोन चुका पुन्हा पुन्हा होतात.

पहिली, जागतिक वेळ आणि भारतीय वेळ. हवामान मॉडेलचा डेटा जागतिक वेळेत येतो. फरक साडेपाच तासांचा, म्हणजे तब्बल २२ ब्लॉकचा. एप्रिल-मेमध्ये घाटमाथ्यावर वारा दुपारनंतर चढतो आणि संध्याकाळी जोर धरतो. तुमच्या आलेखात तोच डोंगर दुपारी १२ ला दिसत असेल तर १७:३० चा आकडा १२:०० वर बसला आहे, असं समजा.

दुसरी चूक जास्त लबाड. काही फाइलींत "१४:१५" म्हणजे १४:१५ ला संपणारा ब्लॉक असतो, काहींत १४:१५ ला सुरू होणारा. एका ब्लॉकची ही सरक शांत दिवशी दिसत नाही. वारा चढत-उतरत असतो तेव्हा मात्र प्रत्येक चढावर आणि प्रत्येक उतारावर ती पैसे खाते.

*तपासा:* मागच्या ३० दिवसांचा अंदाज आणि मीटर घ्या. अंदाजाची रांग एकेक ब्लॉक मागे-पुढे सरकवत दोन्ही रांगांचा सहसंबंध काढा. एक्सेलचं कोरेल फंक्शन पुरतं. सर्वांत मोठा आकडा शून्य सरकीवर यायला हवा. तो +१, −१ किंवा २२ वर आला तर इथेच थांबा.

अंदाज मॉडेलच्या कुठल्या रनवरचा (कुठल्या वेळच्या गणनेवरचा) आहे हेही लिहून ठेवा. जीएफएस या जागतिक हवामान मॉडेलचे रन भारतीय वेळेनुसार ०५:३०, ११:३०, १७:३० आणि २३:३० चे असतात आणि त्यांचा डेटा साधारण साडेतीन ते पाच तासांनी हातात पडतो. म्हणजे सकाळी नऊला दिलेलं उद्याचं शेड्यूल "आजच्या" नव्हे, तर काल रात्रीच्या रनवर उभं असतं. त्याचा आवाका त्या हिशेबाने धरा.

टप्पा २: उपलब्ध क्षमता रोज ठरवा

विचलनाची टक्केवारी उपलब्ध क्षमतेवर, म्हणजे एव्हीसीवर काढली जाते. स्थापित क्षमतेवर नाही, शेड्यूलवरही नाही. उपलब्ध क्षमता घसरली की चुकायला मिळणारी मोकळीकही घसरते.

समजा पूलिंग सबस्टेशनवर २.१ मेगावॉटची ४८ टर्बाइन आहेत, एकूण १००.८ मेगावॉट. त्यातली ६ बंद आहेत. उपलब्ध क्षमता झाली ८८.२ मेगावॉट. अंदाज देणाऱ्याने सगळी यंत्रं चालू धरून ६० मेगावॉट दिले आणि तुम्ही तेच टाकले. मीटरवर आले ४६. फरक १४ मेगावॉट. १००.८ वर काढला तर १३.९ टक्के, म्हणजे २०१८ च्या नियमावलीतल्या १५ टक्क्यांच्या बिनभुर्दंड पट्ट्यात. पण हिशेब ८८.२ वर होतो आणि तिथे हा फरक १५.९ टक्के भरतो, म्हणजे बाहेर. तोच अंदाज ४२/४८ ने गुणून ५२.५ टाकला असता तर चूक ७.४ टक्क्यांवर थांबली असती. वारा दोन्ही वेळा तोच होता.

४२/४८ हे गुणोत्तर सुरुवातीला चालतं. बंद पडलेली सहाही यंत्रं कड्यावरची, सर्वांत जास्त वारा खाणारी असतील तर नुकसान सहा अठ्ठेचाळीसांशापेक्षा जास्त असतं. प्रत्येक टर्बाइनचा वर्षभराच्या उत्पादनातला वाटा काढून ठेवा आणि तोच वजा करा. काम एका दुपारचं आहे.

*सावध:* साइटवरून संध्याकाळी येणारा "सगळं चालू आहे" हा निरोप म्हणजे उपलब्धता नव्हे. उद्या सकाळी सर्व्हिसिंगसाठी कुठली यंत्रं थांबणार आणि किती ते किती, हे नावानिशी विचारा. सोयीसाठी एव्हीसी फुगवून सांगण्याचा मोह तर अजिबात नको. मीटर आणि बिघाडाच्या नोंदी शेजारी ठेवल्या की तो उघडा पडतो.

टप्पा ३: मीटर आणि स्काडा यांचा मेळ

टर्बाइनच्या स्काडाची (प्रत्येक यंत्राचा डेटा टिपणाऱ्या संगणक प्रणालीची) बेरीज आणि पूलिंग सबस्टेशनचा मीटर कधीच जुळत नाहीत. मधे ट्रान्सफॉर्मर आणि ३३ केव्हीच्या लाइनी आहेत. हिशेब मीटरवर होतो, म्हणून अंदाजही मीटरच्या जागेचा हवा. मागच्या तीन महिन्यांच्या ब्लॉकवरून मीटर भागिले स्काडा हे गुणोत्तर काढा, कमी आणि जास्त उत्पादनासाठी वेगवेगळं. कमी वाऱ्यात ट्रान्सफॉर्मरचा कायमचा तोटा टक्केवारीत मोठा दिसतो आणि यंत्रं स्वतःच वीज ओढतात. शून्याखालचे आकडे दिसले तर ती डेटाची चूक समजून खोडू नका.

एसएलडीसीच्या आदेशाने उत्पादन कमी केलेले ब्लॉक आणि फीडर (यंत्रांची वीज आणणारी लाइन) ट्रिप होऊन बंद पडलेले ब्लॉक वेगळ्या खुणेने बाजूला काढा. ते तसेच राहिले तर पुढच्या सगळ्या टप्प्यांत "मॉडेल जास्त सांगतं" असा खोटा निष्कर्ष निघतो.

टप्पा ४: कायमचा झुकाव काढा

चूक = मीटर वजा अंदाज. चिन्हाची ही दिशा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. पाळी बदलताना उलट चिन्हाने दुरुस्ती केली गेली की चूक दुप्पट होते, आणि ते लक्षात यायला आठवडा जातो.

मागच्या १५ दिवसांची सरासरी चूक सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र अशी वेगळी काढा. सलग एकाच बाजूची दिसली तर तेवढी दुरुस्ती लावा. पूर्ण नको, निम्मी ते पाऊण. पूर्ण लावली की हवामान पालटल्यावर तीच दुरुस्ती उलटी बसते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरात मागच्या १५ दिवसांवर भरवसा ठेवू नका. मान्सून पोचायच्या आठवड्यात मेच्या अखेरची दुरुस्ती लावणं म्हणजे छत्री घरी ठेवून निघणं.

शहरातला वारा पाहून अंदाज "सुधारण्याची" सवयही इथेच सोडा. ओझर विमानतळावरचं निरीक्षण जमिनीपासून १० मीटरवरचं, यंत्राचा हब (पात्यांचा मध्य) ८० मीटर किंवा त्याहून उंच. शिवाय यंत्रं डोंगराच्या धारेवर आणि विमानतळ सपाटीवर. गंगापूर रोडवर झाडाचं पान हलत नसताना धारेवरची यंत्रं पूर्ण भारावर असू शकतात.

टप्पा ५: चुकांचा आवाका मोजा

आकडा किती आहे इतकंच विचारून थांबू नका. तो किती हलू शकतो, हेही विचारा. या हलण्यामागे एक साधं कारण आहे. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते. ८ मीटर प्रतिसेकंदाचा अंदाज असताना ७ आला तर ताकद ३३ टक्क्यांनी कमी, ९ आला तर ४२ टक्क्यांनी जास्त. पण १४ चा अंदाज असताना १३ किंवा १५ आला तर काहीच फरक पडत नाही, कारण यंत्र आधीच पूर्ण भारावर आहे. आवाका मधल्या उत्पादनाला सर्वांत मोठा आणि दोन्ही टोकांना छोटा असतो. अपवाद एकच: वारा यंत्र थांबण्याच्या वेगाजवळ गेला की पूर्ण भार थेट शून्यावर येऊ शकतो.

म्हणून "आमची सरासरी चूक ११ टक्के" अशा एका आकड्याने शेड्यूल करू नका. तक्ता असा बनवा:

१. ऋतू चार: मार्च–मे, जून–सप्टेंबर, ऑक्टोबर–नोव्हेंबर, डिसेंबर–फेब्रुवारी.

२. अंदाजाचे थर पाच: उपलब्ध क्षमतेच्या ०–२०, २०–४०, ४०–६०, ६०–८०, ८०–१०० टक्के.

३. अंदाज किती आधीचा: एक ते अडीच तास, तीन ते सहा तास, आदल्या दिवशीचा.

असे ६० कप्पे होतात. प्रत्येक कप्प्यातल्या चुका (क्षमतेच्या टक्क्यांत) लहानाकडून मोठ्याकडे लावा. खालून दहाव्या टक्क्यावरचा आकडा अंदाजात मिळवला की पी-१० मिळतो, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन शंभरातल्या दहा वेळाच याच्याखाली जाईल असा आकडा. नव्वदाव्या टक्क्यावरचा पी-९०. मधला पी-५०.

*सावध:* एका कप्प्यात २०० ब्लॉक आहेत म्हणून तो भरला असं समजू नका. सलग २०० ब्लॉक म्हणजे जेमतेम दोन दिवसांचं हवामान. किमान ३० वेगवेगळ्या दिवसांचे ब्लॉक हवेत. नसतील तर शेजारचे दोन थर एकत्र करा. डिसेंबरात ८०–१०० चा थर बहुधा रिकामाच राहतो, त्यासाठी पावसाळ्यातले आकडे उसने आणू नका.

*तपासा:* ३१ दिवसांच्या महिन्यात २,९७६ ब्लॉक असतात. त्यातले सुमारे ८० टक्के, म्हणजे २,३८० च्या आसपास, पी-१० आणि पी-९० च्या मधे पडायला हवेत. ९५ टक्के पडले तर आवाका उगाच फुगवला आहे. ६० टक्के पडले तर तो खोटा धीर देतो आहे, आणि हे जास्त धोक्याचं.

दोन साइट असतील तर त्यांचे पी-१० एकमेकांत मिळवू नका. दोघींचाही वाईट दिवस एकाच वेळी येईलच असं नाही. प्रत्येकीच्या चुकांचं प्रमाण विचलन (चुका किती पसरतात याचं माप) ८ मेगावॉट असेल आणि चुकांचा सहसंबंध ०.५ असेल, तर दोघींचं मिळून साधारण १३.९ येतं, १६ नव्हे. मात्र हा फायदा वीज घेणाऱ्याला आणि ग्रिडला मिळतो. डीएसएमचा हिशेब पूलिंग सबस्टेशननिहाय असेल तिथे तुमचं बिल यामुळे कमी होत नाही.

टप्पा ६: उद्याचा आकडा ठरवा

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. "जे सर्वांत शक्य वाटतं ते टाका" हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा, पण दराचा तक्ता पायऱ्यांचा असल्याने बहुतेक वेळा महाग.

राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१८ च्या मूळ नियमावलीतल्या पायऱ्या घेऊ: १५ टक्क्यांपर्यंत काही नाही; १५ ते २५ टक्क्यांतल्या युनिटना ५० पैसे; २५ ते ३५ मधल्यांना १ रुपया; ३५ च्या पुढे दीड रुपया. उपलब्ध क्षमता १०० मेगावॉट धरू. संध्याकाळी वारा चढणार आहे, पण ५ ला की ७ ला हे नक्की नाही. सहाच्या ब्लॉकला उत्पादन एकतर २० मेगावॉट, नाहीतर ८०.

२० ची शक्यता ६० टक्के असेल तर काय टाकाल? २० टाकलं आणि ८० आलं तर चूक ६० टक्के. तासाचा भुर्दंड ५२,५०० रुपये. शक्यतेने गुणला तर अपेक्षित भुर्दंड २१,००० रुपये. बरोबर मधला ५० टाकला तर दोन्हीकडे चूक ३०, भुर्दंड ठरलेला १०,००० रुपये. ४५ टाकला तर अपेक्षित भुर्दंड ९,००० वर येतो, आणि हाच सर्वांत कमी. म्हणजे जो आकडा प्रत्यक्षात येणारच नाही हे ठाऊक आहे, तोच स्वस्त पडतो.

आता २० ची शक्यता ९० टक्के धरा. २० टाकलं तर अपेक्षित भुर्दंड ५,२५० रुपये. ३५ टाकलं तर २० आल्यावर चूक नेमकी १५ टक्के, म्हणजे फुकट. ८० आलं तर चूक ४५. अपेक्षित भुर्दंड ३,०००. फुकट पट्ट्याची कड वापरल्याने एवढा फरक पडला.

हे सगळ्या ब्लॉकना हाताने करायची गरज नाही. पी-१० आणि पी-९० मधलं अंतर क्षमतेच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर दोन्हींच्या मधोमध आकडा ठेवा, ब्लॉक बहुधा पट्ट्यातच राहील. अंतर त्याहून मोठं असेल तेवढ्याच ब्लॉकना वरचं गणित लावा: पी-१०, पी-५० आणि पी-९० ला अनुक्रमे ३०, ४० आणि ३० टक्के वजन द्या, शेड्यूलचा आकडा ५-५ मेगावॉटने बदलून बघा, सर्वांत स्वस्त निवडा. दिवसाला पंधरा-वीसच ब्लॉक असे निघतात.

*सावध:* ही बचत अनिश्चित ब्लॉकपुरतीच आहे. महिनाभर शेड्यूल पद्धतशीरपणे एकाच बाजूला कललेलं दिसलं तर त्याला अंदाज म्हणत नाहीत, डाव म्हणतात, आणि तो एसएलडीसीच्या डोळ्यांत भरतो. आणखी एक जबाबदारी आहे: मधला आकडा तुमच्या खिशाला सोयीचा असला तरी ग्रिड चालवणाऱ्याला त्यातून ५० मेगावॉटचं शांत चित्र दिसतं. वारा ५ ते ७ च्या दरम्यान चढणार आणि किती चढणार, हे वेगळं कळवा.

टप्पा ७: रिव्हिजन जपून खर्च करा

२०१८ च्या नियमावलीनुसार पवनसाठी ००:०० पासून दर दीड तासाच्या खणात एक, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त १६ रिव्हिजन. दिलेली रिव्हिजन चौथ्या ब्लॉकपासून लागू होते आणि नोटीस दिली तो ब्लॉक पहिला धरायचा. आता हे घड्याळावर बसवा.

१३:३० ते १५:०० हा एक खण. १३:३२ ला रिव्हिजन दिली तर ती १४:१५ पासून लागू. या खणातली संधी संपली. पुढची १५:०० ला मिळेल आणि १५:४५ पासून लागेल. म्हणजे १३:३२ ला जे ठरवलं त्यावर १४:१५ ते १५:४५ असे सहा ब्लॉक काढायचे. खण उघडला की लगेच रिव्हिजन ठोकण्याची सवय यासाठी वाईट. शांत दिवशी ती चालते, वारा पालटताना नाही.

चढ नेमका १५:३० च्या सुमारास येणार असं दिसत असेल तर उलट करा. जुन्या खणाची रिव्हिजन १४:५८ ला द्या, ती १५:३० पासून लागेल. नव्या खणाची १५:०१ ला द्या, ती १५:४५ पासून. पंधरा मिनिटांत दोन दुरुस्त्या. किंमत अशी की पुढची संधी १६:३० ला, आणि ती लागू होईल १७:१५ ला. दीड तास हात बांधलेले. दुसरी रिव्हिजन चढ डोळ्यांना दिसल्यावरच द्या, दिसेल या आशेवर नाही.

आकडा कसा बदलायचा? आत्ताचा मीटर आणि आत्तासाठीचा अंदाज यांतला फरक घ्या आणि तो पुढे घटत्या वजनाने लावा. एक तास पुढे ०.८, दोन तास पुढे ०.५, चार तास पुढे ०.२ ही सुरुवातीची वजनं. महिनाभरात स्वतःच्या आकड्यांवरून बदला. उदाहरण: अंदाज ४० होता, मीटर ५२ दाखवतो. फरक १२. एक तासाने अंदाज ४४ असेल तर ४४ + ९.६ = ५३.६. दोन तासांनी ५० असेल तर ५६. चार तासांनी ५८ असेल तर ६०.४.

*तपासा:* फरक वाऱ्यामुळे आहे की यंत्रं बंद पडल्यामुळे? स्काडावर वाऱ्याचा वेग अंदाजाइतकाच आणि वीज कमी, तर उपलब्धता बदला, वाऱ्याला हात लावू नका. हा प्रश्न दर रिव्हिजनआधी विचारायचा, चहाचा कप हातात असला तरी. आणि शेवटच्या एकाच ब्लॉकवर विसंबू नका. मागच्या दोन-तीन ब्लॉकची सरासरी घ्या, नाहीतर एका झुळकेवर सहा ब्लॉक हलतील.

फरक क्षमतेच्या ८ टक्क्यांच्या आत असेल तर रिव्हिजन राखून ठेवणं बहुधा बरं. न वापरलेली रिव्हिजन खणाच्या शेवटच्या मिनिटापर्यंत हातात असते.

टप्पा ८: वळीव, ट्रिप आणि कटआउट

एप्रिल-मेच्या दुपारी ढग चढून वळवाचा पाऊस येतो तेव्हा मॉडेल दिवस बरोबर सांगतं, तास आणि ठिकाण नाही. जीएफएसच्या हाती येणाऱ्या डेटाची जाळी साधारण २७-२८ किलोमीटरची. एक गडगडाटी ढग त्यात मावून दिसेनासा होतो. अशा दिवशी १५:०० ते २०:०० च्या ब्लॉकचा आवाका तक्त्यातल्यापेक्षा दीडपट धरा आणि रडार उघडं ठेवा.

वादळी दिवशी उत्पादन कोसळतं ते बहुतेक वेळा वारा कमी झाल्याने नाही. फांदी पडते, ३३ केव्हीचा फीडर ट्रिप होतो आणि एका फीडरवरची आठ-दहा यंत्रं एकदम जातात. त्यामुळे कुठल्या फीडरवर किती मेगावॉट आहेत याचा एक पानी तक्ता डेस्कवर हवा. फोन आला की पहिला प्रश्न "कधी येईल" हा नको. "लाइनवर माणूस पोचला का?" असं विचारा. पोचला नसेल तर पुढच्या सहा ब्लॉकना तो फीडर शून्य धरा.

जोरदार वाऱ्याचा कटआउट वेगळा. बऱ्याच यंत्रांची मर्यादा २५ मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास असते आणि एकदा थांबलेलं यंत्र वेग त्याच्या बराच खाली आल्यावरच पुन्हा सुरू होतं. म्हणून वारा २४ वर आला की उत्पादन परत आलं, असं गृहीत धरू नका. तुमच्या मेकचे थांबण्याचे आणि सुरू होण्याचे दोन्ही वेग साइट इंजिनिअरकडून लिहून घ्या.

टप्पा ९: वीज घेणाऱ्याच्या टेबलावर

अंबड, सातपूर, सिन्नरकडचे जे कारखाने मुक्त प्रवेशातून (वितरण कंपनीऐवजी थेट उत्पादकाकडून) पवन वीज घेतात, त्यांनी भट्टी किंवा मोठा कंप्रेसर पी-५० वर आखू नये. जो भार थांबवता येत नाही तो पी-१० वर, जो तासभर पुढे ढकलता येतो तो त्यावरच्या विजेवर.

मोठ्या प्रमाणावर हाच प्रश्न वितरण कंपनी आणि एसएलडीसीपुढे असतो. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राचं २१० मेगावॉटचं युनिट बघा. ५५ टक्के किमान भार धरला तर ते ११५.५ च्या खाली जाऊ शकत नाही. वर जायला ९४.५ मेगावॉटची जागा उरते. बंद असलेलं युनिट सुरू करायला तास लागतात, म्हणून ते चालू ठेवायचं की नाही हा निर्णय आदल्या दिवशी आणि पवनच्या पी-१० वर घ्यावा लागतो. तासा-दोन तासांतली तूट मात्र जलविद्युतने भरायची. घाटघरचे १२५ मेगावॉटचे दोन उदंचन संच (पाणी वर चढवून साठवणारे आणि लागेल तेव्हा वीज देणारे) अशाच कामाचे. इथली नेहमीची चूक म्हणजे मागणीचा सर्वांत वाईट आकडा आणि पवनचा सर्वांत वाईट आकडा सरळ एकत्र मिळवणं. दोन्ही चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर वर्ग करून मिळवा आणि वर्गमूळ काढा. मागणीची ३०० आणि पवनची ४०० मेगावॉटची चूक असेल तर राखीव ५०० चं लागतं, ७०० चं नाही.

टप्पा १०: दुसऱ्या दिवशीची झडती

काल पट्ट्याबाहेर गेलेले ब्लॉक घ्या आणि प्रत्येकासमोर पाचपैकी एकच कारण लिहा: घड्याळ, उपलब्धता, मीटर किंवा फीडर, वाऱ्याची पातळी, वाऱ्याची वेळ. "फोरकास्ट" हे कारण म्हणून स्वीकारू नका. वाऱ्याची पातळी चुकली तर चौथा टप्पा तपासायचा, वेळ चुकली तर सातवा. आलेखावर दोन्ही ओळखणं सोपं आहे: मीटरची रेघ अंदाजाच्या रेघेवर आडवी सरकवून बसली तर वेळ चुकली, उभी सरकवून बसली तर पातळी.

पाळी सोपवताना चार गोष्टी लेखी द्या: चालू खणातली रिव्हिजन वापरली की शिल्लक, आत्ताची एव्हीसी आणि बंद यंत्रांचे क्रमांक, लावलेली झुकाव-दुरुस्ती चिन्हासकट, आणि पुढच्या सहा तासांत कुठल्या ब्लॉकवर शंका आहे. रात्री १० च्या पाळीला शेवटची ओळ रिकामी मिळाली तर आधीच्या पाळीने घरी जाण्याआधी ती भरून द्यावी.